पदराआडचे दुखणे : शरम सोडा, उपाय करा!

आपले आरोग्य



आज आम्ही ज्या दुखण्यावर लिहिणार आहोत, त्याचे नाव आपल्या बायका एकमेकींच्या कानातसुद्धा नीट घेत नाहीत. 'अंग बाहेर येतंय', 'पिशवी खाली सरकलीय', 'खोकलं की लघवी सुटते' एवढे बोलायलाही कित्येकींना दहा-दहा वर्षे लागतात. तोवर ती बाई घागरी उचलत राहते, बिड्या वळत राहते, जुन्या लुगड्याची घडी लावून दिवस ढकलते. लग्नाकार्याला जायचे टाळते. एसटीचा लांबचा प्रवास नको म्हणते. विहारात वंदनेला आली तर दाराजवळ बसते, म्हणजे पटकन उठून जाता येईल. घरच्यांना वाटते, हिला माणसांत मिसळायला नको. खरे कारण तिचे तिलाच ठाऊक असते.

हे पान घरातली लहान-मोठी सगळी माणसे वाचतात, हे आम्हाला माहीत आहे. म्हणूनच हा विषय याच पानावर घेतला. डोळ्याचे, गुडघ्याचे दुखणे चारचौघांत सांगता येते. मग ज्या वाटेने आपण सगळे या जगात आलो, त्या वाटेच्या दुखण्याची शरम कशासाठी?

हे होते तरी काय?

सुतळीने विणलेली बाज सगळ्यांनी पाहिली आहे. आपल्या ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची अशीच एक विणलेली बाज असते. लघवीची पिशवी, गर्भाची पिशवी आणि गुदाशय हे तिन्ही अवयव या बाजेवर टेकलेले असतात. वरून त्यांना दोऱ्यांसारखे बंध धरून ठेवतात. लघवी आणि शौच आवरून धरण्याचे कामही हेच स्नायू करतात.

बाज नवी असते तोवर ताठ असते. वापरून, ओझे सोसून सुतळी सैल झाली की मध्ये झोळ पडतो. तसेच इथे होते. स्नायू ढिले पडले, बंध ताणले गेले की वरचे अवयव खाली सरकतात. आधी संध्याकाळी थकल्यावर ओटीपोटात ओढ लागते, खाली काहीतरी उतरल्यासारखे वाटते. पुढे आंघोळीच्या वेळी हाताला गोळा लागतो. शेवटी अंग बाहेरच राहते. लुगड्याला घासून त्याला जखमही होते. कोणाची गर्भपिशवी उतरते, कोणाची लघवीची पिशवी पुढून फुगते, कोणाचा गुदाशय मागून फुगतो. कोणाचे अंग जागेवर असते, पण हसले, शिंकले, ओझे उचलले की लघवी सुटते.

दोष कोणाचा?

'पथ्य पाळले नाही', 'देवीचे काही राहिले असेल' असे बोल बाईला ऐकवले जातात. मायबहिणींनो, लिंबू-नारळ उतरवून स्नायू घट्ट होत नाहीत! कारण शरीरात आहे, आणि आपल्या जगण्यात आहे.

पहिले मोठे कारण बाळंतपण. अमेरिकेतील डॉ. जॉन डीलान्सी यांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिलटकरणी १६० बायकांच्या ओटीपोटाची एमआरआय चित्रे त्यांनी तपासली. ३२ जणींच्या, म्हणजे दर पाचांतल्या एकीच्या, या स्नायूत इजा दिसली. ज्यांना मूल झालेले नव्हते अशा ८० बायकांत एकीलाही ती इजा नव्हती. सांगायचा मुद्दा हा, की स्नायू मूल जन्मताना फाटतो. त्यात बाईचा काय अपराध?

त्यावर आपले जगणे भर घालते. कोवळ्या वयातले लग्न, लागोपाठ बाळंतपणे, घरच्या बाळंतपणात पोटावर दाब देऊन मूल ढकलणे, आणि सव्वा महिना पुरा व्हायच्या आत पुन्हा कामावर. आपल्या सोलापुरात हजारो बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळतात. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, खोकला जडतो. दर खोकल्यासरशी पोटातला दाब खालच्या बाजेवर आदळतो. ज्या बिगारी कामाला जातात त्यांच्या डोक्यावर विटा आणि वाळूची घमेली. वर्षानुवर्षे या शहरात नळाचे पाणी काही दिवसांआड आले. ते हंड्याहंड्याने भरून ठेवायचे काम कोणाच्या कमरेवर पडले? जुनाट बद्धकोष्ठ, वाढलेले वजन आणि पाळी गेल्यानंतर अंगातला कमी झालेला स्त्रीरस, हीही कारणे आहेतच.

बायकांना विचारले कोणी?

गरीब बाईच्या या दुखण्यांची नोंद बरीच वर्षे कोणत्याही सरकारी दप्तरात नव्हती. ती नोंद पहिल्यांदा आपल्याच महाराष्ट्रात झाली. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या बायकांवर हा अभ्यास थांबला नाही. गावातल्या बायकांपर्यंत ते पोचले. १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते. आणि त्याआधी कधीतरी अंगाची तपासणी झालेल्या बायका होत्या शंभरात फक्त ८!

हा आकडा सगळ्या स्त्रीरोगांचा आहे, एकट्या अंग बाहेर येण्याचा नव्हे. पण त्याने जगाला एक गोष्ट कळली. बाई बोलत नाही म्हणजे तिला काही होत नाही, असा अर्थ काढायचा नसतो.

तथागतांची जन्मभूमी लुंबिनी ज्या नेपाळात आहे, तिथल्या डोंगरात ओझी वाहणाऱ्या बायकांत हे दुखणे फार. तिथे कार्यकर्ते थेट न्यायालयात गेले. २००८ साली नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की या दुखण्याकडे दुर्लक्ष करणे हा बाईच्या प्रजनन हक्कांचा भंग आहे आणि सरकारने उपाययोजना केली पाहिजे. घरात कुजबुजायचे दुखणे तिथे हक्काची बाब झाले.

पहिला उपाय फुकटचा

१९४८ साली अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नॉल्ड केगल यांनी दाखवून दिले, की खालचे ढिले स्नायू व्यायामाने पुन्हा बळकट करता येतात. दंडाचे होतात, तसेच हेही होतात. त्यानंतर जगभर या व्यायामाची परीक्षा झाली. २०१८ साली १४ देशांतल्या ३१ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. खोकताना-हसताना लघवी सुटणाऱ्या बायकांपैकी व्यायाम करणाऱ्या शंभरांतल्या ५६ जणींनी आपण बऱ्या झालो असे सांगितले. व्यायाम न करणाऱ्यांत असे सांगणाऱ्या शंभरात जेमतेम ६ होत्या. अंग उतरलेल्या ४४७ बायकांवरची एक चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. शिकवून करवून घेतलेल्या व्यायामाने त्यांची ओढ आणि त्रास कमी झाल्याचे तीत दिसले.

व्यायाम असा करावा :

१. आडवे पडून किंवा बसून, श्वास मोकळा ठेवून, लघवी आणि वारा दोन्ही एकदम अडवून धरतो तसे खालचे अंग आत आणि वर आकसून घ्यावे. पोट, मांड्या, ढुंगण ताठ करू नये.

२. पाच आकडे मोजेपर्यंत धरावे, मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडावे. हळूहळू दहा आकड्यांपर्यंत जावे.

३. एका वेळी आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा. बिडीचे पान कापताना, भाजी निवडताना, एसटीत बसल्या बसल्याही होते. कोणाला कळतसुद्धा नाही.

४. निदान तीन महिने नेमाने. आठवड्यात गुण आला नाही म्हणून सोडू नये.

५. खोकला, शिंक येणार असे वाटले किंवा हंडा उचलायचा असला, की आधी अंग आकसून घ्यावे, मग खोकावे, मग उचलावे.

६. लघवी करता करता मध्येच अडवून हा व्यायाम करू नये. त्याने लघवीची तक्रार वाढते.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पूर्ण बाहेर आलेले अंग नुसत्या व्यायामाने आत जाऊन बसत नाही. व्यायाम सुरुवातीच्या पायरीवर उपयोगी आहे, आणि बाळंतपणानंतर प्रत्येकीने डॉक्टरांना विचारून करावा असा आहे. आपल्या सुनेला, लेकीला सासू-आईने हा व्यायाम शिकवला तर पुढचे कितीतरी टळेल.

कडे बसवणे

दुसरा उपाय म्हणजे रबरासारख्या मऊ सिलिकॉनचे कडे. डॉक्टर त्याला पेसरी किंवा रिंग म्हणतात. मापाचे कडे योनीत बसवले की ते अंगाला खालून आधार देते. नेदरलँड्समध्ये ४४० बायकांवर झालेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी, ज्यांना आधी कडे दिले होते त्यांच्यापैकी शंभरात सुमारे ७६ जणींना बरे वाटत होते. ज्यांचे आधीच ऑपरेशन झाले त्यांच्यात शंभरात सुमारे ८२. पण हेही सांगितले पाहिजे, की कडे मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी या दोन वर्षांत पुढे ऑपरेशन करून घेतले. म्हणजे कडे सगळ्यांना कायम पुरत नाही. पण जिला ऑपरेशन झेपणार नाही, जिला अजून मूल हवे आहे, किंवा जिला आजच कामावरची सुटी परवडत नाही, तिच्यासाठी तो मोठा आधार आहे. ब्रिटनमधल्या ३४० बायकांवरच्या २०२३ सालच्या अभ्यासात दिसले, की कडे स्वतः काढायला, धुवायला, बसवायला शिकलेल्या बायकांना त्रास कमी झाला. कडे बसवून वर्षानुवर्षे विसरून मात्र जायचे नाही. सांगितलेल्या तारखेला दाखवायचे.

आपल्या डॉक्टरांची कामगिरी

ऑपरेशनच्या इतिहासात मराठी मुलखाचे नाव मोठे आहे. विलायतेत या दुखण्यावर मँचेस्टर पद्धतीचे ऑपरेशन होई. त्यात गर्भपिशवीचे तोंड कापले जाई. तिथल्या रुग्ण बहुतेक वयस्क, त्यांना पुढे मूल नको असे. आपल्याकडे विशी-पंचविशीतल्या बायकांचे अंग बाहेर येई. पिशवीचे तोंड कापले की पुढे दिवस राहणे आणि गर्भ टिकणे अवघड. आणि मूल नाही म्हणून बाईला टाकून देणारा समाज भोवती!

गोव्यातील शिरोडा गावी १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईत या प्रश्नाशी झटले. त्यांनी पिशवीचे तोंड न कापता करायची पद्धत काढली. शिवाय बाईच्याच मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी घेऊन, पुढे कृत्रिम फीत वापरून, पिशवी पाठीमागच्या हाडाला झोळीसारखी टांगण्याचे ऑपरेशन सिद्ध केले. गर्भ टिकावा म्हणून पिशवीच्या तोंडाला घालतात तो 'शिरोडकर टाका' जगभर वापरला जातो, तो यांचाच. मुंबईचेच डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी पोटाच्या भिंतीवरील मजबूत पडद्याच्या पट्ट्यांनी पिशवी पुढून टांगण्याची रीत दिली. दोघांचे सूत्र एकच : पिशवी राखा, बाईला तिचे पुढचे आयुष्य राखू द्या.

पिशवी काढणे हाच एक मार्ग नव्हे

आणि आज काय दिसते? अंगावरून पांढरे जाते, काढा पिशवी. कंबर दुखते, काढा पिशवी. 'नाहीतर कॅन्सर होईल' अशी भीती घातली जाते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. त्याच बायका आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या फडांवरही येतात, डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहतात. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीपुढे आकडे आले : ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या! पाळीच्या दिवसांत खाडा झाला की मुकादम दंड कापतो, म्हणून कोवळ्या वयात पिशवी काढायची. हा रोगावरचा इलाज म्हणायचा की मजुरीचा हिशेब? २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने गरज नसताना होणाऱ्या अशा ऑपरेशनांना आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्यास सर्व राज्यांना सांगितले.

अंग पूर्ण बाहेर येत असेल, वय झालेले असेल, तर खालून पिशवी काढून सैल भाग शिवून घेणे हे योग्य ऑपरेशन असू शकते. त्याला आमचा विरोध नाही. पण बाज सैल झाली आहे, पिशवी नव्हे. नुसती पिशवी काढली आणि बाज तशीच ठेवली, तर पुढे योनीचा वरचा भागच खाली उतरू शकतो. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जायच्या वयाआधीच शरीर म्हातारे होऊ लागते, हाडे ठिसूळ होतात. नेदरलँड्समध्ये २०८ बायकांवर झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पिशवी राखून ती आतल्या बंधाला टाचणे हे पिशवी काढण्याइतकेच टिकाऊ ठरले, निदान पहिल्या वर्षात तरी. म्हणून ऑपरेशन सांगितले की चार प्रश्न विचारा : माझे नेमके काय उतरले आहे? व्यायाम किंवा कड्याने भागेल का? पिशवी राखता येईल का? बीजकोश ठेवणार का? डॉक्टर चिडले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. विचारणे हा आपला हक्क आहे.

जाळीबद्दलही सावध करतो. योनीमार्गातून कृत्रिम जाळी बसवून अंग वर धरायचे ऑपरेशन परदेशात फार बोकाळले. पुष्कळ बायकांना जाळी टोचली, मांसात रुतली, कायमच्या वेदना लागल्या. त्या बायकांनी आवाज उठवला. २०१९ साली अमेरिकेने अंग उतरण्यावर अशा जाळ्यांची विक्री थांबवायला लावली. ब्रिटनमध्ये २०२० सालच्या चौकशी अहवालाने मान्य केले, की या बायकांचे गाऱ्हाणे कोणी ऐकले नाही. नवे म्हणजे चांगलेच असे नसते. संशोधन चाचणीवर उतरावे लागते, आणि ती चाचणी रुग्णाच्या तोंडून पुरी होते.

विश्रांती हा हक्क आहे

बाळंतिणीला विश्रांती हवी, हे बाबासाहेबांनी कायद्याच्या भाषेत सांगितले. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात कामगार बायकांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. १९२९ साली तो कायदा झाला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागे बाबासाहेबांचीच लेखणी होती. तो ठराव तेव्हा फेटाळला गेला! व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली त्यांनी खाणीतल्या बायकांच्या प्रसूती कायद्यात दुरुस्ती आणली. २०१७ साली देशात पगारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. पण धुणीभांडी करणारी, बिगारी जाणारी, कांड्या भरणारी आपली लेक तिसऱ्या आठवड्यात कामाला लागते. कायद्याने दिलेले घराच्या उंबऱ्यापर्यंत आणण्याचे काम बाकी आहे. ते आपले आहे.

घरच्या पुरुषांना दोन शब्द

आजारी भिक्खूची गोष्ट आपण वर्षावासात ऐकतो. हगवणीने तो आपल्याच घाणीत पडला होता, आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. आनंदाने पाणी आणले, आणि स्वतः तथागतांनी आनंदासह त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले. मग भिक्खूंना सांगितले, की आजाऱ्याची सेवा तीच माझी सेवा. ज्याला या धम्माचा उपासक म्हणवायचे आहे, त्याने आपल्या आईच्या, बायकोच्या लघवीच्या तक्रारीला नाक मुरडू नये. पाण्याचे हंडे स्वतः उचलावेत. तिचा खाडा पडला तर कुरकुर करू नये. तिला घेऊन सिव्हिलमध्ये जावे.

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, स्त्रीरोग विभाग आहे. बाईडॉक्टरकडून तपासणी हवी असे तिथे सांगता येते. ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे आधी आरोग्यमित्राला विचारा. मगच सावकाराकडे जायचे की नाही ते ठरवा.

वाट न पाहता लगेच दाखवायच्या गोष्टी अशा : बाळंतपणानंतर लघवी रात्रंदिवस आपोआप गळणे, लघवी पूर्ण अडकणे, बाहेर आलेल्या अंगाला जखम होणे किंवा ते आत न जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणे. अंग बाहेर आले तर आडवे पडून स्वच्छ हाताने हळूच आत सारावे. तुरटी, मुळी, तंबाखू, कोणाचा अंगारा आत घालू नये.

आणि महिला मंडळांना विनंती. येत्या पौर्णिमेला वंदना झाली की पुरुषांना बाहेर बसवून अर्धा तास या विषयाला द्या. हे पान वाचून दाखवा, व्यायाम करून दाखवा. एकीने तोंड उघडले की दहाजणी बोलतील. जी मागे दाराजवळ बसते, तिला त्या दिवशी पुढे बोलवा.

जय भीम! नमो बुद्धाय!